वास : नाही

दांडी,
ता. १८ जून

ती. वत्सलाआत्याच्या पायांवर डोकं ठेवून (नाशिक लांब असल्यामुळे सध्या टेबलावर ठेवून) उन्नतीचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? मागे जिना चढताना त्यातून आवाज येतो म्हणाली होतीस. अजून येतो का, की आता नुसताच दुखतो? काकांनी गोड खरंच सोडलं, की अजून तू झोपलीस की डबा उघडतात? इकडे सगळे बरे आहेत. एक जूनला मासेमारीची बंदी लागली, तेव्हापासून बोट वर ओढून झाकून ठेवली आहे आणि बाबा व निमेशदादा दोघंही दिवसभर घरात आहेत. त्यामुळे आई तेवढी बरी नाही. दर अर्ध्या तासाने चहा मागणारी दोन माणसं दोन महिने घरात म्हणजे काय, हे तुला सांगायला नको.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. आत्या, तुझ्यावर माझा जीव आहे, पण तू फोन घेतलास की स्पीकरवर टाकतेस, आणि मग मी सर्दीबद्दल बोलले तरी तुझ्या शेजारच्या बाई मागून आल्याचा रस सुचवतात. घरच्या ग्रुपवर लिहावं, तर तिथे माझ्या आधी अकरा जण गुड मॉर्निंगची फुलं टाकून बसलेले. शिवाय तीन वर्षं रसायनशास्त्राची जर्नलं लिहून लिहून माझा हात असा तयार झाला आहे की कागद दिसला की उद्देश, साहित्य, कृती असं आपोआप लिहायला लागतो. या पत्राचा उद्देश एवढाच, की तुझी भाची बी.एस्सी. झाली. पास! तीन दिवस झाले निकाल लागून, आणि तीन दिवस मी रोज सकाळी उठून आधी तो पुन्हा पाहते आणि मगच तोंड धुते. पेढे बाबांनी एव्हाना पाठवले असतील. (काकांपासून लांब ठेव.)

हे सगळं मुळात तुझ्यामुळे, म्हणून सविस्तर तुलाच लिहिते. तुला आठवत नसेल, पण मला बारावीला एकसष्ट टक्के पडले तेव्हा तू धाकट्या चुलतकाकाच्या हळदीला आली होतीस. बोईसरवरून एसटीने येताना तू खिडकीत बसलीस आणि एमआयडीसीतून गाडी जाईपर्यंत बाहेरच्या पाट्या वाचत आलीस. घरात पाऊल टाकलंस, पाणीसुद्धा प्यायली नाहीस, आणि बाबांना म्हणालीस, दिना, पोरीला केमिस्ट्रीला घाल, सगळ्या पाट्यांवर केमिकल्सच लिहिलंय. झालं. मला काय आवडतं हे मला कुणी विचारलं नाही. (खरं सांगायचं तर विचारलं असतं तरी मी त्या वेळी 'माहीत नाही' असंच म्हटलं असतं, त्यामुळे तुझा दोष अर्धाच.) आजी गेली तेव्हा बाबा नऊ वर्षांचे होते आणि तू सोळाची, तेव्हापासून आपल्या घरात तुझा शब्द म्हणजे शेवटचा. गेल्या वर्षी बोटीला रंग कुठला द्यायचा हे बाबांनी तुला नाशिकला फोन करून विचारलं. तू ती बोट पाहिलेलीसुद्धा नाहीस. तू निळा म्हणालीस, बोट निळी झाली. तिथे मी कोण?

बाबांनी मला तेवढं एक वचन दिलं होतं: पदवी घे, मग तुला पाहिजे ते कर. त्या वचनावर मी तीन वर्षं काढली. एक वर्ष जरी राहिलं असतं तरी सुटका वर्षभर पुढे गेली असती, म्हणून मी नापास व्हायला इतकी घाबरत होते. हुशार आहे म्हणून अभ्यास करते असा जो बोलबाला गावात झाला आहे, त्यात काही तथ्य नाही.

आता तू म्हणशील, एवढा वाईट विषय आहे का तो? नाही गं. तेच तर अवघड आहे. अगदी वाईट असता तर पहिल्याच वर्षी रडून भेकून सोडला असता. रसायनशास्त्र मला श्रावणी सोमवारच्या जेवणासारखं वाटतं. पोट भरतं, त्यात खोट काढता येत नाही, पण उद्या पुन्हा हेच कर असं कुणी आईला सांगत नाही. काही गोष्टी आवडायच्यासुद्धा. थेंब थेंब टाकत असताना बिनरंगी पाण्याला एकदम गुलाबी रंग चढतो, तेव्हा मला दर वेळी आनंद व्हायचा, शंभराव्या वेळीसुद्धा. काचेची भांडी धुवायला आवडायची. (माझ्याइतकी स्वच्छ भांडी कुणाचीच नसायची, मॅडम म्हणायच्या, उन्नती, तू प्रयोग कमी करतेस आणि भांडी जास्त घासतेस.) पण वहीत बाण काढून हे इलेक्ट्रॉन इकडून तिकडे गेले असं सांगायला लागले की माझं मन खिडकीबाहेर जायचं. गेले तर गेले. त्यांना कुणी बोलावलं होतं का, ते सुखाने पोचले का, याची चौकशी मी का करावी?

माझ्या शेजारच्या टेबलावर चारुता असायची, आपल्या इकडच्या माहीमची. त्यांची चिकूची नि नारळाची वाडी आहे. तिला हा विषय इतका आवडतो की जेवणाच्या सुट्टीत डब्यातल्या लिंबाच्या लोणच्याकडे बघूनसुद्धा तिला काहीतरी सुचतं. पोरगी लाखात एक, पण तिच्या शेजारी उभं राहून न आवडणारा विषय करणं म्हणजे भजनात सूर न लागणाऱ्याने पेटीवाल्याच्या शेजारी बसण्यासारखं आहे.

दुसऱ्या वर्षी काय झालं ते तुला बाबांनी सांगितलं नसेल. प्रयोगशाळेत पांढरा कोट घालावा लागतो. त्यावर जांभळे डाग पडले होते, म्हणून आईने तो प्रेमाने धुतला, आणि जिथे सगळ्यांत कडक ऊन लागतं तिथे वाळत घातला. आत्या, तू दांडीची आहेस. दांडीत सगळ्यांत कडक ऊन कुठे लागतं हे तुला माहीत आहे. बोंबलांच्या दोन रांगांच्या मधे. संध्याकाळी तो खडखडीत वाळला, आईने घडी करून पिशवीत घातला, आणि मी सकाळी शेअर रिक्षात बसले. रिक्षात कारखान्यातले दोन कामगार होते. त्यातल्या एकाने माझ्या पिशवीकडे पाहून विचारलं, "दीदी, सूखी मछली बेचने जा रही हो क्या? घर के लिए आधा किलो दे दो." मी त्याला तोऱ्यात म्हटलं, मी कॉलेजला जाते. तो बिचारा ओशाळला, पण पिशवीवरची नजर काही काढीना. प्रयोगशाळेत कोट चढवला, आणि पाच मिनिटांत मॅडमनी सगळे पंखे लावले, गॅसचे नळ बंद केले आणि कपाटातली एकेक बाटली काढून झाकण बघायला सुरुवात केली. काहीतरी गळतंय म्हणे. मीसुद्धा मोठ्या उत्साहाने बाटल्या तपासत होते. ज्या कोपऱ्यात मी जायची त्या कोपऱ्यात गळती सापडायची आणि मी हलले की तिथली थांबायची. शेवटी चारुताने हळूच माझी बाही हुंगली, आणि आपला जास्तीचा कोट मला दिला. म्हणून म्हटलं, पोरगी लाखात एक आहे.

एवढं होऊनही मला शहाणपण आलं नाही, आणि शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेत ते अंगाशी आलं.

या परीक्षेत प्रत्येकाला एका बाटलीत एक अनोळखी पदार्थ देतात आणि साडेतीन तासांत तो कोण हे ओळखायचं असतं. पहिल्यांदा रंग लिहायचा, मग वास, मग पाण्यात विरघळतो की नाही वगैरे. चोरपोलिसासारखंच, फक्त चोर बाटलीत आणि पोलिसाची पाचावर धारण. बाहेरून आलेले परीक्षक घाटावरचे होते, कमालीचे शाकाहारी. चहाबरोबर बिस्किट दिलं तर त्यात अंडं नाही ना, हे पुडा फिरवून वाचणारे. मला मिळालेली बाटली मी उघडली. रंग, पिवळसर तपकिरी. लिहिला. मग शिकवल्याप्रमाणे बाटलीच्या तोंडावरची हवा हाताने नाकाकडे ओढली. एकदा ओढली, दोनदा ओढली. काही नाही. उलट इतकं बरं वाटलं, की तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या खोलीत माझ्या छातीची धडधड थांबली. मी ठळक अक्षरांत लिहिलं: वास, नाही.

माझ्या मागच्या टेबलावरच्या मुलाला तीच बाटली आली होती. त्याने झाकण उघडलं, नाकाला रुमाल लावला आणि एका मिनिटात पदार्थ ओळखून लिहायला बसला. मला वाटलं, याला सर्दी झाली आहे. आणि मी? मी 'वास नाही' या पायावर इमारत बांधायला घेतली. ज्या ज्या पदार्थांना वास नसतो त्यांची एकेक चाचणी करत गेले. एकही जुळेना. दोन तास गेले. माझ्यासमोर नळ्यांची रांग लागली आणि एकातही काही होईना. आत्या, त्या वेळी मला एकच दिसत होतं: प्रात्यक्षिक गेलं म्हणजे वर्ष गेलं, वर्ष गेलं म्हणजे आणखी एक वर्ष हेच टेबल, याच नळ्या, हेच बाण. मला रडायला आलं. रडलेसुद्धा थोडी. (नळीत नाही. प्रयोग बिघडतो.)

तेवढ्यात परीक्षक फिरत फिरत माझ्याकडे आले. त्यांनी माझी उत्तरपत्रिका वाचली, बाटलीकडे पाहिलं, दोन पावलं मागे सरकले, रुमाल काढला आणि रुमालातूनच विचारलं, "तुम्हाला वास येत नाही?" मी विचारलं, "कसला, सर?" त्यांना वाटलं मी थट्टा करते. मला वाटलं मला कोविड झाला. त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "सर, ती दांडीची आहे." जणू डॉक्टरला पेशंटचा जुना आजार सांगावा तशा. परीक्षक म्हणाले, "अहो, पण पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, मासळीसारखा वास."

इथे माझं डोकं फिरलं. तुला माझा राग माहीत आहे, तो तुझ्याकडूनच आला आहे. मी बाटली पुन्हा उचलली, आता नीट लक्ष देऊन हुंगली, आणि खरंच, वास होता. चांगला दणदणीत होता. पण आत्या, आपल्याकडे तो वासात धरतच नाहीत, हवेत धरतात. मी म्हटलं, "सर, पुस्तक चुकलंय. ताज्या मासळीला असा वास नसतो. ताज्या मासळीला नुसता समुद्राचा वास येतो. हा तिसऱ्या दिवसाचा आहे. खोक्यातला बर्फ वितळला, पाणी काढलं नाही आणि वर झाकण लावून ठेवलं की असा येतो. माझ्या आईने ही टोपली हात न लावता परत पाठवली असती." मग मी थांबलेच नाही. पहिल्या दिवशी डोळे कसे दिसतात, दुसऱ्या दिवशी कल्ले कसे होतात, कोळंबी आधी कुठून काळी पडते, बोंबील पाणी सोडायला लागला की काय समजायचं, सगळं सांगितलं. तीन वर्षांत तोंडी परीक्षेत दोन वाक्यांवर न गेलेली मी दहा मिनिटं बोलत होते. सगळा वर्ग प्रयोग सोडून ऐकत होता. परीक्षकांनी आयुष्यात मासा हातात धरला नसेल, पण त्यांनी खिशातून छोटी वही काढून लिहून घेतलं. मग रुमाल खिशात ठेवून ते एवढंच म्हणाले, "तिसऱ्या दिवशी त्यात काय तयार होतं?" आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

आणि मला उत्तर येत होतं गं. वर्गात मी ते घोकलंच होतं, फक्त ते आपल्या अंगणातल्या गोष्टीबद्दल आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मासा नासताना जी अमाइनांची मंडळी तयार होते, तिच्याच गोत्रातला हा बाटलीतला पदार्थ. तासभर उरला होता. त्याची खूण पटवायला सगळं बर्फात थंड ठेवून थेंब थेंब मिसळावं लागतं, तेव्हा लाल रंग येतो, आणि बर्फाचं काम मला कुणी शिकवायला नको. हीच बाटली मिळालेल्या बाकीच्यांचे लाल रंग फिके येत होते, कारण त्यांचा बर्फ कधीच पाणी झाला होता. माझा असा आला, की चारुतासुद्धा आपलं टेबल सोडून बघायला आली. मी त्या लाल रंगाकडे बघत उभी राहिले आणि माझ्या अंगातला सगळा ताण पायांतून खाली उतरून गेला. आता वर्ष राहणार नाही, हे मला तिथेच कळलं.

तर अशी तुझी भाची पदवीधर झाली. त्या दिवसापासून माझा रसायनशास्त्रावर राग उरला नाही. आम्ही एकमेकांना पुरतं ओळखलं आहे. आता भेटलो तर विचारपूस करू, पण एका घरात राहायला नको. तुझा आशीर्वाद असावा. काकांना नमस्कार, तुझ्या नातीला, पिंकीला, पापा.

तुझी लाडकी (असं तूच म्हणतेस),
उन्नती

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. त्या परीक्षकांनी जाताना मॅडमना सांगितलं की या मुलीला नाक आहे, हिला पुढे शिकवा. मॅडमनी बाबांना फोन केला. बाबा दुसऱ्याच दिवशी बोईसरला जाऊन एम.एस्सी.चा फॉर्म छापून घेऊन आले. अजून दोन वर्षं, आत्या! वचनाची आठवण करून दिली, तर म्हणाले, वत्सलाताईला विचारतो, ती सांगेल तसं. म्हणजे आज ना उद्या तुला फोन येणार. तेव्हा तू कृपा करून नको म्हण. कारण काहीही सांग, एमआयडीसीतल्या पाट्या बदलल्या म्हण. मला आईबरोबर बोईसरच्या बाजारात मासळी विकायला बसायचं आहे. सुट्टीत बसते तेव्हा संध्याकाळ कधी होते ते कळत नाही. गिऱ्हाइकाशी भांडायला, त्याला हसवायला, बघता बघता टोपली रिकामी करायला मला आवडतं. शिकलेली पोरगी टोपलीवर बसणार, हे बाबांना सांगायची माझी छाती होत नाही. तुझं ते ऐकतील. (हे पत्र मी मुख्यतः यासाठीच लिहिलं, हे तू केव्हाच ओळखलं असशील.)

ता. क. दोन. फोन दुपारी जेवण झाल्यावर कर. त्या वेळी ते ओसरीत जाळं दुरुस्त करत बसतात आणि मऊ असतात.

ता. क. तीन. आता फोनची गरज नाही. तुझा पिनकोड हवा होता म्हणून मी बाबांकडे गेले, तर ते म्हणाले एवढं जाडजूड काय लिहिलंस ताईला. मला खोटं बोलता येईना. सगळं सांगून टाकलं, टोपलीसुद्धा. बाबा बराच वेळ जाळ्याच्या गाठी मारत राहिले. मग म्हणाले, "तीन वर्सं बोलली का नाय? मना वाटलं तुला आवडतंय." मी म्हटलं, तुम्ही विचारलं नाही. तर हसले आणि म्हणाले, "मना तरी कुनी इचारलं?" आत्या, बाबा दर्यावर गेले की त्यांना उलटी होते. पहिल्या दिवसापासून. अजूनही, दर खेपेला. खिशात लिंबू घेऊन जातात. आम्हाला इतकी वर्षं वाटायचं, दृष्ट लागू नये म्हणून आहे. तू त्यांना सतराव्या वर्षी बोटीवर चढवलंस, ताईने सांगितलंय म्हणून ते चढले, आणि पस्तीस वर्षं कुणाला काही न सांगता दर्यावर जात राहिले. फॉर्म त्यांनी माझ्यासमोर फाडला. मी सुटले. पण मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

ता. क. चार. निमेशदादाला बोट पाहिजेच आहे, तो केव्हाचा तयार आहे, पण बाबा आपणहून कधीच मागे होणार नाहीत. एक ऑगस्टला बोटी सुटतील. त्याच्या आधी तू त्यांना फोन कर आणि फक्त विचार, दिना, तुला दर्यावर जायला आवडतं का? बाकी काही बोलू नकोस, सांगू नकोस. त्यांना तुझ्याशी असं बोलायची सवय नाही, म्हणून उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ फोन ठेवू नकोस.